राखेतले वाल

केयाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मेथीला चमच्यानं पाणी घालत होतो. चमच्यानं, कारण झारीनं घातलं की माती उडते, मेथी आडवी होते आणि मला दिवसभर अपराधी वाटत राहतं. मार्चचा शेवटचा आठवडा होता. बाहेर जर्दाळूचं झाड फुलून पांढरं झालं होतं, त्याच्यामागं आमच्या परसाची मातीची भिंत आणि भिंतीपलीकडं सांदिया डोंगर, माथ्यावर अजून बर्फाची पट्टी घेऊन बसलेला. ‘‘आबा,’’ केया म्हणाली, ‘‘यू आर ब्रिंगिंग आज्जीज बीन्स, राइट?’’ केया माझी नात, मिहीरची मुलगी, अकरा वर्षांची. ते लोक इथून विमानानं दोन तासांवर, फ्रिस्कोला राहतात. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इंग्रजीतून, मधेच एखादा मराठी शब्द चवीपुरता टाकून. तिनं आणि मिहीरनं परसात मांडव घातला होता आणि दहा एप्रिलला मी तिकडं गेलो की आम्ही दोघं मिळून त्यावर आज्जीचे वाल चढवणार असं ठरलं होतं. म्हणजे तिनं ठरवलं होतं, मी ‘बरं’ म्हणालो होतो. ‘‘द फॅट ब्राउन वन्स,’’ ती म्हणाली, ‘‘इन द कॉफी बॉटल. विथ द राख.’’ मी पुन्हा ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. चमचा तसाच हातात होता. मेथीच्या कुंडीला खेटूनच कॉफीची बाटली उभी होती. परवाच मी तिच्यात पाणी भरून जर्दाळूची एक डहाळी खोचली होती.

त्या बाटलीतले वाल मी खाल्ले होते. उगाच कशाला फिरवून सांगायचं? फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, लताच्या वाढदिवशी, मी त्यांचं बिरडं केलं आणि दोनदा वाढून घेऊन खाल्लं, वर बोटं चाटली. लता ऑगस्टमध्ये गेली. तिच्यामागं पहिला वाढदिवस कसा काढायचा हे मला समजत नव्हतं, फोटोला हार घालून समोर बसणं मला जमणारं नव्हतं, तेव्हा म्हटलं तिच्या आवडीचं काहीतरी करावं. कोठीत दुकानातल्या वालांची एक पिशवी होती, बारीक, सुरकुतलेल्या दाण्यांची. आणि त्यामागं, अगदी वरच्या फळीवर, ही बाटली. तिच्यातले वाल टपोरे, एका मापाचे, बघताच हात पुढं व्हावा असे. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. आता मी चाळीस वर्षं धातूंच्या तुकड्यांवर ताण देऊन ते कुठं तुटतात हे बघण्यात घालवलेला माणूस. प्रत्येक तुकड्याला नंबर, प्रत्येक नंबराची नोंद. बिननावाची बाटली प्रयोगशाळेत दिसली असती तर मी तिला हात लावला नसता. पण स्वयंपाकघर माझी प्रयोगशाळा नव्हती. तिथं मी पाहुण्यासारखा वावरत आलो होतो आणि पाहुण्यानं जे चांगलं दिसलं ते उचललं.

वाल बाहेर ओतले तर राखेनं माखलेले. बाटलीच्या तळाशी बोटभर राखच होती, आमच्या शेकोटीतली, पिन्यॉन नावाच्या इथल्या डोंगरी पाइनच्या लाकडाची, हातावर चोळली तर अजून तो चिकट गोडसर वास येणारी. ती बघून मला काय वाटलं ते मला नीट आठवतं, कारण तेव्हा मी कोठीतल्या स्टुलावर बसून रडलो होतो. मला वाटलं, शेवटच्या दिवसांत हिचं लक्ष उडालं होतं तर. शेकोटी झाडताना राख कुठंतरी सांडली असेल, हिनं न बघताच झाकण लावलं असेल. जिच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पाण्याचा थेंब राहत नसे ती बाई, आणि तिच्या बाटलीत राख. मला तिची इतकी कीव आली. आपण तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं, असं मनाशी म्हणत मी ते वाल तीन पाण्यांनी स्वच्छ धुतले. तिची चूक निस्तरतो आहे या भावनेनं धुतले. आता केयाच्या तोंडून ‘विथ द राख’ ऐकल्यावर लक्षात आलं की लताचं लक्ष कुठंही उडालं नव्हतं. माहेरी, चौलला, तिची आई चुलीतली राख लावून बी ठेवायची, कीड लागू नये म्हणून. ही इथं शेकोटीतली लावत होती. अकरा वर्षांच्या पोरीला हे माहीत होतं, आणि त्रेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला नव्हतं.

मी डहाळी काढून बाजूला ठेवली, पाणी ओतून दिलं आणि बाटली उजेडात धरून बघितली. एखादा दाणा काचेला चिकटून राहिला असेल म्हणून. मग कोठीतल्या सगळ्या डब्यांची झाकणं उघडली. दुकानातले वाल होते, मूग होते, चवळी होती, अमसुलं होती, सांडगी मिरच्यांचा डबा होता ज्याला मी अजून हात लावलेला नाही कारण त्या मिरच्या तिनं भरलेल्या शेवटच्या. तिचे वाल नव्हते. दुकानातले लावले तर काय बिघडतं, असं कोणीही म्हणेल. मीही पहिल्यांदा तेच म्हणालो, आणि म्हणतानाच मला कळलं की ते खोटं आहे.

कारण लताचे वाल दुकानातल्यांसारखे राहिलेच नव्हते. आम्ही या वाळवंटात आलो तेव्हा मिहीर पाळण्यात होता. परदेशातल्या या नोकरीचं पत्र आलं तेव्हा लतानं नकाशा उघडला आणि म्हणाली, ‘‘वाळवंट म्हणजे उकाडा असेल ना हो?’’ मीही मान डोलावली. इथं उतरलो तर बर्फ पडत होता. वाळवंट, पण पाच हजार फुटांवरचं. दिवसा ऊन असं की पापड दोन तासांत वाजतो, आणि त्याच रात्री बादलीतलं पाणी गोठतं. पहिल्या वर्षी होळी झाल्यावर तिनं ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणत आईनं पाठवलेले मूठभर वाल परसात पेरले. ते पंधरा दिवसांत बोटभर झाले आणि सोळाव्या दिवशी सकाळी उकडलेल्या माठाच्या भाजीसारखे काळे पडून लोळत होते. लता स्वेटर घालून त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘‘इथली थंडी मराठी शिकलेली नाही.’’ उरलेले दाणे तिनं मेच्या मध्यावर लावले. वेल वाढले, भिंत झाकली, आणि फुलं कधी आली, तर ऑक्टोबरच्या विसाला. दिवस लहान झाल्याशिवाय हा वेल फुलतच नाही, आणि दिवस लहान होतात तोवर इथं हिवाळा दाराशी. शेंगांत दाणा भरायच्या आत पुन्हा सगळं काळं. एका वेलाला तेवढ्या चार शेंगा आधी लागल्या होत्या. तिनं त्या चार शेंगांचं बी ठेवलं. पुढच्या वर्षी त्यातला जो वेल सगळ्यांत आधी फुलला त्याचं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यातल्याही आधीच्याचं. वेलांना ती लोकरीचे धागे बांधायची, पहिल्या फुलाला लाल, दुसऱ्याला पिवळा. मी हसायचो. म्हणायचो, शाळेत नंबर काढतेस का? ती म्हणायची, ‘‘हो, आणि नापासांचं बिरडं.’’ शेवटचं पीक आलं त्या वर्षी, म्हणजे ती जायच्या आदल्या वर्षी, पहिलं फूल ऑगस्टच्या अखेरीला आलं. अडतीस वर्षांत तिनं दोन महिने मागं ओढून आणले होते. हे असले वाल चौलला नाहीत, फ्रिस्कोच्या दुकानात नाहीत, जगात कुठंही नाहीत. होते ते त्या बाटलीत.

गेल्या उन्हाळ्यातलं बी तरी असावं, असं वाटेल. तेही नाही, आणि त्यालाही मीच कारण. मेमध्ये तिनं वाल लावले ते खुर्चीवर बसून, मी खड्डे केले आणि तिनं दाणे टाकले. जूनमध्ये दवाखाना सुरू झाला. रात्री तिथंच राहायचो, दुपारी घरी येऊन आंघोळ करून परत. त्या आंघोळीच्या वीस मिनिटांत परसात नळी धरणं अवघड नव्हतं. पण मी परसाकडं बघतच नव्हतो. तिनं दोनदा विचारलं, ‘‘वालाला पाणी घालताय ना?’’ मी दोन्ही वेळा ‘बरं’ म्हणालो. प्रश्नाला ‘बरं’ हे काय उत्तर झालं? ती तशा अवस्थेतही हसली. ‘‘तुमचं ‘बरं’ म्हणजे ऐकलं नाही असं समजायचं,’’ हे तिचं नेहमीचं वाक्य, आणि ते तिनं दवाखान्यातही म्हटलं, फक्त अर्धंच, पुढचं बोलायला दम पुरला नाही. जुलैच्या उन्हात भिंतीवरचे वेल कागदासारखे वाळले. ती गेली त्या आठवड्यात मला ते दिसले. मी ते उपटून टाकले, आलेल्या लोकांना बरं दिसावं म्हणून.

खिडकीबाहेर वारा सुटला होता. इथला वसंत म्हणजे वारा. सकाळी आभाळ निळंशार, जर्दाळूवर मधमाश्या, आणि अकराच्या सुमाराला पश्चिमेकडून धूळ येते ती संध्याकाळपर्यंत घराचे कानेकोपरे शोधत राहते. लताला हेच दिवस आवडायचे, का ते मला कधी समजलं नाही. पहाटे उठून ती कुरडया घालायची, दहाच्या आत वाळवून घरात घ्यायची, नाहीतर दाताखाली वाळू. विरजणाचं भांडं भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, ठेवायची आणि भट्टीतला दिवा लावून द्यायची, कारण दिवा नसेल तर दही लागायला दुपार उजाडते. खिडक्यांवर मिरच्यांची, वांग्यांची रोपं ओळीनं, दह्याच्या डब्यांत, दुधाच्या खोक्यांत. दुपारी बाहेर नेऊन वारा दाखवायची आणि दोन तासांनी आत आणायची. ‘सवय लावतेय’ म्हणायची. मी ऑफिसातून आलो की घरात कालचं वरण, ओली माती आणि पिन्यॉनचा धूर असा एक मिळून वास असायचा. तो वास हेच माझं घर होतं, पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आणि जर्दाळू. दर मार्चला तो वेड लागल्यासारखा फुलतो आणि दर एप्रिलला गारठ्यात सगळी फुलं गळतात. इतक्या वर्षांत जॅम झाला असेल सात-आठ वेळा. मी एकदा म्हणालो, हे झाड मूर्ख आहे, तोडू या. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, ‘‘फुलायचं त्याच्या हातात आहे, ते तो करतो.’’

मी गाडी काढली आणि विक्रम-दीपाकडं गेलो. ही दोघं तिशीतली, तीन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेली, लतानं त्यांना दिवाळीत धरून आणलं आणि मग ती घरचीच झाली. वाढदिवसाच्या बिरड्याला तीच दोघं होती. मी त्यांच्याकडं कशाला चाललो होतो? बिरड्यातून बी परत मिळत नाही एवढं मलाही कळतं. पण माणूस एखादी गोष्ट हरवली की जिथं ती असणं शक्य नाही तिथंही बघून येतो. दीपानं दार उघडलं, हाताला कणीक लागलेली. ‘‘अरे वा, काका! या ना. कॉल तरी करायचा, मी पोहे टाकले असते.’’

‘‘दीपा, त्या दिवशी मी डब्यात बिरडं दिलं होतं ना, बरोबर?’’

‘‘हो. काय झालं?’’

‘‘त्यातलं काही उरलंय का? फ्रीजरमध्ये वगैरे?’’

तिला वाटलं असेल म्हातारा हलला. आतून विक्रम आला. ‘‘कुमारकाका, सव्वा महिना झाला यार! मी तर दुसऱ्या दिवशी लंचलाच संपवलं. डबा चाटून पुसून. ऑफिसमध्ये मीटिंग कॅन्सल केली त्यासाठी.’’

मग मी त्यांना सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, राख आणि केया आणि अडतीस वर्षं. विक्रमचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे काकूंचं बी आम्ही...’’ तो म्हणाला. दीपानं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. नंतर ती कणीक मळत राहिली आणि मी तिच्या हातांकडं बघत राहिलो. मळताना ती एकदम थांबली. ‘‘काका, पण त्या दिवशी तुम्ही जेवताना सांगत होतात ना, अर्धा तास नुसते गणंग वेचत बसलो म्हणून? विक्रमचा दात पडायला नको म्हणून एकेक करून काढले, असं म्हणालात. ते कुठं टाकले?’’

गणंग म्हणजे कडधान्यातले भिजायला नकार देणारे दाणे. रात्रभर पाण्यात ठेवा, फडक्यात बांधा, ऊब द्या, बाकीचे फुगून मोड काढतात आणि हे आपले खड्यासारखे तसेच. माझ्या आईच्या ताटात गणंग आला की ती तो उचलून ताटाच्या कडेला ठेवायची आणि सुनांकडं बघायची. त्या दिवशी मी ते खरंच वेचले होते. आधी वालांचं गाठोडं भट्टीत दिवा लावून दोन दिवस ठेवलं, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल अंगठ्याच्या चिमटीत दाबून सोलत बसलो, साल इकडं, पांढरी डाळिंबी तिकडं. दोन तास लागले. लता हे काम पंधरा मिनिटांत करायची, टीव्ही बघत. पण ते दोन तास मी तिच्या इतका जवळ होतो, तेवढा नंतर कधी झालो नाही. सोलताना न भिजलेला दाणा बोटाला लागायचा आणि मी तो सालांच्या ढिगात टाकायचो. आणि सालं मी, लतानं शिकवलेली एवढी एकच गोष्ट पाळून, परसातल्या खताच्या ढिगावर नेऊन टाकली होती.

घरी आलो तेव्हा वारा ऐन भरात होता. खताचा ढीग भिंतीच्या कोपऱ्यात, वर कोरड्या पानांचा थर. इथल्या कोरड्या हवेत काही कुजत नाही, नुसतं वाळून बसतं, आणि त्याबद्दल लता वर्षानुवर्षं कुरकुरायची. ढिगाला रोज पाणी घालावं लागतं. मी अर्थातच घातलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आळस कुणाच्या कामी आला. मी आत जाऊन तिची पिठाची चाळण आणली. हे ती असती तर झालं नसतं, चाळणीला मातीचा हात लावला म्हणून तिनं मला परसातच जेवायला घातलं असतं. गुडघे टेकून मी ओंजळ ओंजळ खत चाळायला लागलो. अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, संत्र्याच्या साली, फेब्रुवारीच्या खुणा हळूहळू वर येत होत्या. धूळ डोळ्यांत जात होती, जर्दाळूच्या पाकळ्या उडून चाळणीत पडत होत्या आणि प्रत्येक पाकळी मला क्षणभर वाल वाटत होती. मग वालाची सालं लागली, वाळून कुरकुरीत झालेली, ढीगभर. त्यांच्यात मी बोटांनी चाचपत राहिलो. पहिला दाणा सापडला तो दगड समजून मी टाकून दिला होता. मागं वळून उचलला, थुंकी लावून पुसला. तपकिरी, टपोरा, डोळ्याशी पांढरी रेघ. लताचं अक्षर ओळखावं तसा तो मला ओळखू आला. संध्याकाळी डोंगर कलिंगडाच्या गरासारखा लाल झाला तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात सात दाणे होते. मी भिंतीला धरून उठलो आणि तिथंच उभा राहून तिला म्हणालो, सात आहेत. मोठ्यानं म्हणालो.

पण सापडले म्हणजे उगवले असं नाही. हे सात दाणे म्हणजे पाण्याला एकदा नाही म्हणालेले. त्यांची साल इतकी घट्ट की पाणी आत शिरत नाही, त्यामुळंच ते वाचले आणि त्यामुळंच ते उगवणारही नाहीत. घट्ट पृष्ठभागाचं काय करायचं हे मात्र मला माहीत होतं. ताण देण्याआधी प्रत्येक तुकडा घासून घ्यावा लागतो, चाळीस वर्षं तेच केलं. लताच्या आरशाच्या खणात तिची नखं घासायची कानस होती. तो खण मी ऑगस्टपासून उघडला नव्हता. उघडला तर पावडरचा वास आला, मोडक्या दातांचा कंगवा, टिकल्यांची दोन पाकिटं. कानस घेऊन मी खण लगेच बंद केला. स्वयंपाकघराच्या टेबलावर दिवा खाली ओढून, चष्म्यावर चष्मा लावून, मी प्रत्येक दाण्याची साल डोळ्याच्या विरुद्ध बाजूनं घासली, आतला पांढुरका ठिपका दिसेपर्यंत, त्याच्या पुढं एकदाही नाही. एक दाणा फार घासला गेला, फुटला. उरलेले सहा वाटीत, कोमट पाण्यात, भट्टीत, दिवा लावून. सकाळी चार फुगले होते. दोन अजूनही खडे. त्यांना मी रागावलो नाही, ते तसेच कोरडे करून ठेवले. फुगलेले चार दह्याच्या डब्यांत मातीत लावून खिडकीत मेथीशेजारी ठेवले आणि तेव्हापासून मी दुसरं काही केलं नाही. खरंच नाही. उठलो की खिडकी, चहा घेऊन खिडकी, अंघोळ करून खिडकी. पाणी चमच्यानं. मिहीरचा फोन आला, ‘‘बाबा, फ्लाइटचं कन्फर्म करू ना?’’ म्हणाला, मी म्हणालो थांब जरा. त्यानं विचारलं बरं वाटत नाही का. मी म्हणालो, मला बरं वाटतंय की नाही ते मला सोमवारी कळेल.

पहिला सोमवारी नाही, मंगळवारी आला. माती एका जागी फुगली, तडकली आणि तिच्यातून हिरवा आकडा वर आला, डोकं अजून खाली घातलेला, पाठीवर माती घेऊन. बुधवारी दुसरा, आणि गुरुवारी तिसरा. चौथा आला नाही. मी तिसऱ्याची वाट बघून केयाला फोन लावला, कारण त्याआधी मला तोंड नव्हतं. तिला म्हणालो, तुला एक खरं सांगायचं आहे. मराठीतच सांगितलं, सावकाश, की आज्जीचं ते बी मी चुकून शिजवलं. आज्जीच्या बर्थडेला. आणि खाल्लं. मग ती म्हणाली, ‘‘यू एट आज्जीज सीड्स.’’ मी म्हणालो, हो. ‘‘ऑल ऑफ देम?’’ जवळजवळ सगळे. तीन उगवलेत, दोन कोरडे आहेत. एक रोप आणि एक दाणा तुझा, बाकीचे मी इथं लावतो. तिनं नाक ओढलं. रडते की काय असं मला वाटलं. मग तिनं विचारलं, ‘‘आबा, वेअर दे गुड?’’

‘‘काय?’’

‘‘द बिरडं. वॉज इट गुड? लाइक आज्जीज?’’

कोणीच मला हे विचारलं नव्हतं. विक्रम ‘एक नंबर’ म्हणाला होता, पण तो शिळी पोळीही एक नंबर म्हणतो. ‘‘जवळजवळ,’’ मी म्हणालो. ‘‘गूळ थोडा जास्त झाला.’’ आणि मग मला जे रडू आलं ते ऑगस्टपासूनचं होतं. केया फोन धरून राहिली. ‘‘इट्स ओके, आबा,’’ एवढंच मधून मधून म्हणत होती, आणि शेवटी, तिला सापडलेला एकच मराठी शब्द काढून, ‘‘पुरे,’’ म्हणाली. हुबेहूब तिच्या आजीच्या सुरात.

फोन ठेवल्यावर मी कोठी साफ करायला काढली. दोन कोरडे दाणे ठेवायला जागा हवी होती, आणि फ्रिस्कोला जाण्याआधी वाटलं, एकदा फळ्या पुसून घ्याव्यात. कॉफीची बाटली धुऊन वाळवली, शेकोटीतली निवलेली राख चमच्यानं भरली, दाणे तिच्यात नीट पुरले. वरच्या फळीवर बाटली ठेवायला हात लांबवला तर मागच्या बाजूला, भिंत आणि फळीच्या फटीत, काहीतरी वाळलेल्या पानासारखं अडकलेलं दिसलं. चिकटपट्टीचा तुकडा होता, पिवळा पडून सुरळी झालेला. इथल्या हवेत कुठलाही डिंक वर्षभर टिकत नाही, एका उन्हाळ्यात सुकतो आणि पट्टी गळून पडते. हे लताला माहीत होतं, म्हणून ती दर वर्षी नवीन चिकटवत असावी. गेल्या वर्षी राहून गेलं असणार. मी सुरळी टेबलावर ठेवून दोन अंगठ्यांनी उलगडली, तुटू नये म्हणून जपून. निळ्या शाईचं, डावीकडं झुकणारं तिचं अक्षर.

‘बी. अहो, हे खायचं नाही.’

केयासाठी लिहिलं नव्हतं, तिला तर माहीतच होतं. स्वतःसाठी कोण लिहितं? या घरात ती नसताना वरच्या फळीपर्यंत कोणाचा हात जाईल, काय काढेल, कशासाठी काढेल, हे सगळं तिनं कधीतरी एकटीनं उभं राहून मनात बघून ठेवलं होतं. मी तार घेतली, पट्टी तिच्यात ओवून बाटलीच्या गळ्याला घट्ट पिळून बांधली. डिंक सुकतो, तार सुकत नाही. मग पुन्हा एकदा ती ओळ वाचली. तोंडात ‘बरं’ आलं होतं, सवयीनं. ते गिळलं.

‘‘ऐकलं,’’ मी म्हणालो.